ऑइलच्या झाकणाखाली दूध दिसलं म्हणून लगेच हेड उतरवू नका

पावसाळा सरत आला की आपल्या बेळगाव भागात जुन्या गाड्यांचं एक ठरलेलं असतंय. मारुती ८०० असू दे, ओम्नी असू दे नाहीतर जुनी इंडिका, कुणीतरी ऑइल बघायला म्हणून वरचं झाकण फिरवतंय आणि झाकणाच्या आत पिवळट पांढरा चिकट फेस दिसतोय. मग शेजारी, मेव्हणा, गॅरेजवाला सगळ्यांचं एकच, "हेड गॅस्केट गेलंय, उतरवूया की." हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, आणि तो नि खालचा ब्लॉक यांच्या मधलं सील म्हणजे गॅस्केट. आणि एकदा हेड उतरलं की गॅस्केट खरंच गेलेलं होतं का हे कुणी विचारत नाही, नवीन घातलं, बिल झालं, विषय संपला, आणि दोन महिन्यांनी परत तोच फेस.

फेस म्हणजे ऑइलात पाणी मिसळलंय, एवढंच त्याच्यावरनं कळतंय. ते पाणी कुठनं आलं हे शोधायचं असतंय, आणि ते शोधायला निम्म्याच्या वर कामं घरासमोर गाडी लावून, एक जुनं फडकं आणि एक रिकामी बाटली घेऊन होतात.

आधी साधं कारण बघा. पेट्रोल जळतं तेव्हा पाणी तयार होतंय, आणि थोडंथोडकं नव्हं, एक लिटर पेट्रोलमागं साधारण एक लिटर पाणी, वाफेच्या रूपात. बहुतेक वाफ सायलेन्सरमधनं जाते, म्हणूनच थंडीत सकाळी नळीतनं पाणी टपकतंय, पण थोडी पिस्टन रिंगच्या बाजूनं खाली चेंबरमध्ये, म्हणजे ऑइल साठतंय त्या तळाच्या भागात, उतरते. इंजिन नीट तापलं तर ती ब्रीदरच्या पाइपमधनं निघून जाते, नाही तापलं तर इंजिनातली थंड जागा धरून बसते, आणि वरचं झाकण म्हणजे तशी जागा. आता रोज टिळकवाडीतनं खडेबाजार, भाजी घेऊन परत घरी, गाडी बंद, असं चाललं असेल तर इंजिन तापणार कधी? त्यात जून ते सप्टेंबर खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडं पावसाची झड, हवेत सतत ओल.

त्याच्यावर कडी म्हणजे थर्मोस्टॅट, इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडं जाऊ न देणारी झडप. आपल्याकडं कितीतरी मेस्त्री जुन्या गाडीचा थर्मोस्टॅट काढून फेकतात, "गरम हवेत लागत नाही ओ, एनू आगंगिल्ल री (काही होत नाही)" म्हणून. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ डिग्रीला उघडतोय, तो नसला की पाणी पहिल्या मिनिटापासनं रेडिएटरमधनं फिरतंय, इंजिन कायम अर्धवट थंड, ऑइलातली वाफ उडत नाही, पेट्रोल जास्त जातंय, आणि झाकणाखाली दूध. म्हणजे थर्मोस्टॅट काढला एकानं आणि हेड उतरवलं दुसऱ्यानं. माझं स्पष्ट मत आहे, टेम्परेचरचा काटा हायवेवरसुद्धा खालीच राहत असेल तर आधी थर्मोस्टॅट बसवा, मग बाकीचं बोला. ब्रीदरचा पाइप चोक झालाय का तेही त्याच वेळी काढून फुंकून बघा.

आता तपासणी. गाडी रात्रभर सपाट जागेवर उभी पाहिजे आणि इंजिन थंड. सकाळी स्टार्ट करायच्या आधी हे सगळं बघायचं. गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. बेळगाव समुद्रसपाटीपासनं साधारण ७५० मीटर उंचीवर आहे, आपल्याकडं उघड्यावर पाणी ९७-९८ डिग्रीलाच उकळतंय, बंद सिस्टीममध्ये प्रेशरमुळं ते त्याच्या वर जाऊनही पाणीच राहतंय आणि झाकण फिरवलं की क्षणात वाफ होऊन तोंडावर येतंय.

पहिल्यांदा झाकण विसरा, डिपस्टिक (ऑइलची लेव्हल बघायची पट्टी) काढा. पुसू नका, तशीच उजेडात धरा. झाकणाखाली फेस आहे पण डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ, काळं किंवा तांबूस, दुधाळ नाही, आणि लेव्हल पूर्वीएवढीच, तर बहुतेक वेळा हे ओलीचंच काम. डिपस्टिकवरच कॉफी कलरचं घट्ट ऑइल असेल, किंवा लेव्हल वरच्या खुणेच्या पुढं गेली असेल, तर गोष्ट वेगळी. ऑइल आपोआप वाढत नसतंय. वाढलं म्हणजे काहीतरी आत आलंय, पाणी नाहीतर पेट्रोल-डिझेल. डिपस्टिक नाकाजवळ धरा, पेट्रोलचा वास लगेच कळतोय. कूलंटचा (रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचं लिक्विड) वास किंचित गोडसर, पण आपल्याकडं निम्म्या जुन्या गाड्यांत कूलंट नसतंयच, बोअरचं पाणी असतंय, त्यामुळं वासावर एकट्यावर जाऊ नका.

मग कूलंटची बाजू. रेडिएटरचं झाकण उघडून बोट आतल्या कडेवरनं फिरवा, रेडिएटरला जोडलेल्या पाण्याच्या एक्स्पान्शन बाटलीत टॉर्च मारा. इथं एक फसगत फार होते. पाणी तपकिरी दिसलं की लोक म्हणतात ऑइल आलं. बोअरचं पाणी वर्षानुवर्षं घातलेल्या लोखंडी ब्लॉकात गंज असतोय, तो पण तपकिरीच, शिवाय कुणी मागं लीक बंद करायची पावडर टाकली असेल तर तिचा गाळ पण तसाच दिसतोय. साधी परीक्षा सांगतो, काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घ्या, रेडिएटरमधलं चमचाभर त्यात सोडा आणि दहा मिनिटं ठेवा. गंज खाली बसतोय. ऑइल वर तरंगतंय, इंद्रधनुषी तवंग येतोय आणि बोटाला लावलं तर साबणाशिवाय जात नाही. खरंच ऑइल जास्त गेलं असेल तर बाटलीच्या तळाला आणि झाकणाला बेळगावच्या कुंद्याच्या मिठाईसारखा तपकिरी गोळा जमतोय, तो एकदा बघितला की परत ओळखायला चुकत नाही.

बाटलीवर थंड इंजिनच्या लेव्हलला चिकटपट्टी लावून ठेवा. आठवडाभर रोज सकाळी बघा. पाणी कमी होतंय, बाहेर कुठं ओल नाही, होज कोरडे, वॉटर पंपाखाली डाग नाही, पायाखालची मॅट ओली नाही (हीटरचा कॉइल लीक झाला की पाणी मॅटवर येतंय), तर ते पाणी इंजिनातच जातंय. पाणी तसूभर हललं नाही आणि डिपस्टिक स्वच्छ, तर हेडला हात लावायचं काही कारण नाही. मग गाडी घेऊन एकदा वंटमुरी घाट उतरून हत्तरगी टोलनाक्यापर्यंत नीट चालवून या, इंजिन पूर्ण तापू दे, घरी येऊन झाकण पुसून काढा आणि पुढचे आठ दिवस बघा. फेस परत आला नाही किंवा अगदी नावाला आला तर गॅस्केट विसरून जा. पण ही चक्कर डिपस्टिक स्वच्छ असेल तरच मारायची. डिपस्टिकवर दूध असताना गाडी चालवणं म्हणजे बेअरिंगचा जीव घेणं, पाणी मिसळलेल्या ऑइलची फिल्म लोड झेलत नाही आणि क्रँकची बेअरिंगं सगळ्यात आधी जातात. तशी गाडी टो करूनच न्यायची.

संशय आहे पण डोळ्यानं ठरत नाही, अशा वेळी दोन घरगुती टेस्ट आहेत. स्टीलचा जुना चमचा गॅसवर चांगला तापवा, गॅस बंद करा, चमचा बाहेर अंगणात न्या आणि डिपस्टिकवरचा एक थेंब त्याच्यावर सोडा. स्वच्छ ऑइल नुसतं धूर करत पसरतंय. पाणी असेल तर तडतड आवाज येतोय, थोडंसं पाणी असलं तरी येतोय. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल तर ही टेस्ट अजिबात करू नका, भडका उडेल. दुसरी टेस्ट टिपकागदाची, टिपकागद नसेल तर कॉफीचा फिल्टर पेपर चालतोय. एक थेंब टाका, कागद आडवा अधांतरी ठेवा आणि काही तास हात लावू नका. मधला काळा डाग म्हणजे काजळी, ती सगळीकडं एकसारखी पसरली तर ऑइल अजून काम करतंय, मध्येच काळी कुट्ट गोळा होऊन कड धरून बसली तर ऑइल संपलं. बाहेर फिकट मोठं वलय सुटलं तर पेट्रोल किंवा डिझेलचा संशय, आणि डागाची कड करवतीच्या दात्यासारखी वेडीवाकडी आली तर पाणी. नवीन ऑइलचा एक थेंब शेजारी टाकून ठेवा, त्याशिवाय तुलना होत नाही.

सगळ्यात खात्रीची गोष्ट चेंबरच्या बोल्टाशी आहे, आणि ती फार कमी जण नीट बघतात कारण बोल्ट काढला की ऑइल धबधब्यानं येतंय आणि जे बघायचं ते त्यात वाहून जातंय. पाणी ऑइलपेक्षा जड, कूलंट तर आणखी जड. गाडी रात्रभर उभी राहिली की मोकळं पाणी तळाला बसतंय. म्हणून सकाळी, गाडी हलवायच्या आधी, खाली पारदर्शक बाटलीचं कापलेलं बूड धरा, बोल्ट पान्यानं ढिला करा आणि मग हातानं, बोल्ट आत दाबून धरत, अगदी हळू फिरवा, आटे संपत आले की एका बाजूनं थेंब सुटायला लागतात. पहिले थेंब बघा. ऑइलचा थेंब गोल, जड, दोरी धरून उतरतोय. पाणी असेल तर पटपट, पातळ, कधी स्वच्छ तर कधी हिरवट किंवा गुलाबी कूलंटच्या कलरचं येतंय आणि मग अचानक कलर बदलून काळं ऑइल सुरू होतंय. हिरवा किंवा गुलाबी थेंब आला की चर्चा संपली. दोन-चार चमचे ऑइल घेऊन बोल्ट परत आवळा. मात्र पाणी ऑइलात पूर्ण घुसळलं गेलं असेल तर ते खाली वेगळं पडत नाही, तेव्हा सगळं ऑइलच दुधाळ येतंय, त्यामुळं थेंब नाही आले म्हणून निर्दोष असं नाही.

पाणी आत जातंय हे पक्कं झालं तरी अजून हेड नाही. कुठल्या वाटेनं जातंय ते बघा. चालू इंजिनमध्ये ऑइलचं प्रेशर कूलंटच्या प्रेशरपेक्षा बरंच जास्त असतंय, कूलंटचं एक बारच्या आसपास आणि ऑइलचं त्याच्या काही पट. म्हणून ऑइल आणि पाण्याच्या वाटेत भोक पडलं तर गाडी चालू असताना ऑइल पाण्यात घुसतंय. गाडी बंद केली की ऑइलचं प्रेशर लगेच शून्य, कूलंट मात्र गरम असेपर्यंत प्रेशरमध्ये, मग थोडं पाणी उलट ऑइलात. आता बऱ्याच डिझेल गाड्यांत ऑइल फिल्टरच्या मागं पाण्यानं थंड होणारा ऑइल कूलर असतोय, त्याच्या पातळ प्लेटा किंवा ओ रिंगा गेल्या की नेमकं हेच होतंय, बाटली तपकिरी गाळानं भरलेली, पण गाडी गरम होत नाही, पिकअप आहे, धूर नाही. हेड उतरवण्याच्या मानानं कूलर काढणं किरकोळ काम. डिझेल गाडी असेल आणि ऑइलच पाण्यात जास्त आलं असेल तर आधी कूलर काढून प्रेशर टेस्ट करून घ्या, असं मेस्त्रीला ठणकावून सांगा. तो म्हणेल "मामा, आमाला शिकवूलालाय काय," म्हणू दे.

हेड गॅस्केटची खूण म्हणजे जळलेला गॅस पाण्यात येणं. थंड इंजिन, रेडिएटर काठोकाठ भरलेला, झाकण उघडं, स्टार्ट करा आणि बघत राहा. सुरुवातीला अडकलेली हवा म्हणून दोन-चार बुडबुडे येतात, ते थांबतात. थांबलेच नाहीत आणि अ‍ॅक्सिलेटर दिला की वाढतात, तर सिलिंडरमधला गॅस येतोय. पाणी तापून उसळायच्या आधी बंद करा. दुसरी खूण होज पाइपची, सकाळी थंड गाडी स्टार्ट केल्यावर मिनिट-दोन मिनिटांत वरचा होज दगडासारखा कडक झाला तर पाणी तापून प्रेशर यायला अजून वेळ आहे, हे प्रेशर सिलिंडरचं. जरा मोठ्या गॅरेजमध्ये निळ्या लिक्विडचा टेस्टर मिळतोय, रेडिएटरच्या तोंडावर धरून आतली हवा त्यातनं ओढायची, कार्बन डायऑक्साइड असला की निळ्याचं पिवळं होतंय. ज्याच्याकडं हा टेस्टर आहे त्याच्याकडं जास्तीचे पैसे देऊन जावं असं मला वाटतंय.

पेट्रोल गाडीत सगळे स्पार्क प्लग काढून ओळीनं ठेवा. बाकीचे तांबूस-काळे आणि एकच धुतल्यासारखा चकचकीत स्वच्छ असेल तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जळतंय. काँप्रेशन टेस्टमध्ये शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी आले तर गॅस्केट त्या दोघांच्या मध्ये फुटलंय. धुराचं म्हणाल तर डिसेंबरमध्ये खानापूर रोडला सकाळी प्रत्येक गाडी पांढरा धूर सोडते, ती वाफ, इंजिन तापलं की जाते. तापल्यावरही पांढरा दाट धूर येतोय आणि बाटलीतलं पाणी उतरतंय, या दोन्ही गोष्टी एकत्र असतील तरच धरायचं.

चोर्ला किंवा आंबोली घाट चढताना गाडी कधी उकळली होती का हे पण आठवा. बहुतेक जुन्या गाड्यांत ब्लॉक लोखंडी आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं, अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतंय, एकदा जोरात उकळली की हेड वाकतंय आणि गॅस्केट तिथनं सुटतंय. विशेषतः उकळलेल्या इंजिनात कुणी ओढ्याचं गार पाणी ओतलं असेल तर हेडला क्रॅक गेलाय का तेही बघावं लागतंय.

पेट्रोल ऑइलात येण्याचं कारण वेगळं. जुन्या कार्बोरेटरवाल्या ८०० ला इंजिनवरच मेकॅनिकल फ्युएल पंप असतोय, त्याचा डायफ्रॅम (आतला पडदा) फाटला की पेट्रोल सरळ आत. नाहीतर कार्बोरेटरची नीडल बसत नाही, किंवा चोक अर्धा ओढलेलाच राहतोय. इंजेक्शनवाल्या गाडीत इंजेक्टर टपकतोय. ऑइल पातळ पाण्यासारखं, लेव्हल वर, वास पेट्रोलचा, गरम झाल्यावर ऑइल प्रेशरचा लाल दिवा आयडलला फडफडतोय, एवढं जमलं की गाडी बंद ठेवा, कारण दुरुस्त करा, ऑइल-फिल्टर बदला. पंप स्वस्तात होतोय.

ऑइलात चमक दिसली तर चेंबरमधलं ऑइल पातळ फडक्यातनं गाळा आणि लोहचुंबक फिरवा. चिकटला तो चुरा लोखंडी, न चिकटणारा पिवळसर किंवा रुपेरी म्हणजे बेअरिंग नाहीतर पिस्टन. जुना फिल्टर फेकायच्या आधी पत्रा कापून कागद पसरून बघा, चेंबरपेक्षा जास्त पुरावा तिथं असतोय. उसाच्या सीझनला कच्च्या रस्त्यावर फिरणाऱ्या गाड्यांत बारीक धूळ पण ऑइलात जाते, बोटात चोळलं की करकरतंय, तेव्हा एअर फिल्टरच्या डब्याचं रबर आणि क्लिप बघा.

पुराचं पाणी हा आपल्या भागातला वेगळाच विषय. २०१९ आणि २०२१ ला वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ हायवेवर आलं होतं, निपाणी-चिकोडीकडच्या नदीकाठच्या लोकांना सांगायला नको. पाण्यात उभी राहिलेली गाडी सेल मारून बघायची घाई करू नका. बॅटरीची वायर काढा, डिपस्टिक बघा, एअर फिल्टर काढून हात आत घाला, ओला लागला तर प्लग काढून इंजिन हातानं फिरवा. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल मारला तर पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतोय. इंजिन ऑइल स्वच्छ दिसलं तरी गिअर बॉक्सचं आणि जीप, सुमोसारख्या गाडीत मागच्या डिफरन्शियलचं ऑइल थोडं काढून बघायचंच, त्यांच्या ब्रीदरमधनं पाणी शिरतंय. वडापच्या (प्रवासी भाड्याच्या) जीपा ओढ्यातनं घालणाऱ्यांनी तर दर पावसाळ्यानंतर.

आता समजा सगळे पुरावे हेडकडंच गेले. मग उतरवा, पण नुसतं गॅस्केट बदलून परत बसवू देऊ नका. हेडवर स्ट्रेट एज ठेवून फिलर गेज घाला, बऱ्याच लहान पेट्रोल इंजिनात ०.०५ मिलिमीटरच्या वर वाक चालत नाही. वाक असेल तर फेसिंग, म्हणजे मशीनवर घासून सपाट करणं, आणि क्रॅकसाठी प्रेशर टेस्ट. क्रँकशाफ्टचं मशीनिंग करणारी उद्यमबाग औद्योगिक वसाहत आपल्या गावात आहे, फेसिंगसाठी लांब जायची गरज नाही. ब्लॉकचा वरचा भाग पण तपासायला सांगा, तो लोक हटकून विसरतात. बोल्ट टॉर्क रेंचनं, मधनं बाहेर, टप्प्याटप्प्यानं. पान्याला पाइप लावून अंदाजानं आवळणारा माणूस दिसला तर तिथंच थांबवा.

काम झाल्यावर आत राहिलेलं दूध धुवायला चेंबरमध्ये डिझेल किंवा रॉकेल घालून इंजिन पळवायची पद्धत आहे, ती करू देऊ नका, बेअरिंगला तेवढ्यात मार बसतोय. स्वस्तातलं पण योग्य ग्रेडचं ऑइल आणि नवीन फिल्टर घाला, थोडे दिवस चालवा, परत काढा, मग चांगलं ऑइल. पाण्याच्या बाजूला ऑइल गेलं असेल तर रेडिएटर क्लीनरनं दोन-तीनदा फ्लश आणि फुगलेले, मऊ पडलेले होज बदलूनच टाका. शेवटी डिस्टिल्ड पाण्यात मिसळलेलं कूलंट, बोअरचं पाणी नको. काढलेलं कूलंट गटारात ओतू नका, गोड लागतंय म्हणून कुत्री-मांजरं पितात आणि मरतात, आणि जुनं ऑइल शेताच्या बांधावर नको, भंगारवाला डब्यातनं घेऊन जातोय. पहिले दोन आठवडे झाकणाखाली थोडा फेस येऊ शकतोय, वरच्या कोपऱ्यात अडकलेलं पाणी असतंय ते. तेवढे दिवस डिपस्टिक आणि बाटलीवरची चिकटपट्टी रोज बघा, दोन्ही जागच्या जागी असतील तर झाकण पुसून गाडी चालवत राहा.